वजनच पकड देते!
झाडावर चढण्याच्या आणि फांद्या कापण्याच्या साधनांचे पदार्थविज्ञान

मे महिना संपत आला की एक दृश्य वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत, बजाजनगरात आणि जुन्या गावठाणातही हमखास दिसते. पावसाळ्यापूर्वी विजेच्या तारांजवळ आलेल्या आणि रस्त्यावर झुकलेल्या फांद्या छाटायच्या असतात. एक माणूस अनवाणी पायांनी कडुनिंबावर चढतो. त्याच्या कमरेला कोयता असतो. अलीकडे पुष्कळदा हातात पेट्रोलवर चालणारी करवतही असते. अंगाला दोर बांधलेला नसतो. खालून कोणीतरी ओरडते, "सांभाळून रे!"

विद्यार्थी मित्रांनो, सांभाळायचे म्हणजे नेमके काय करायचे? फांदी घट्ट धरायची? हातापायांत बळ आणायचे? झाडावरच्या कामासाठी आज जी साधने मिळतात त्यांचा विचार केला, तर उत्तर वेगळे मिळते. ही साधने माणसाच्या बळावर विसंबून राहत नाहीत. जे वजन माणसाला खाली ओढते, त्याच वजनाकडून ती पकड निर्माण करून घेतात. हे कसे घडते ते आपल्या शाळेतल्या पदार्थविज्ञानाच्या आधारे पाहू.

पडण्याचे गणित

प्रथम धोका किती आहे ते मोजू. पाच मीटर उंची म्हणजे दुमजली घराच्या गच्चीइतकीही नव्हे. गुरुत्व त्वरण सोयीसाठी १० मीटर प्रति सेकंद वर्ग धरले, तर पाच मीटरवरून पडणाऱ्या माणसाचा जमिनीवर आदळतानाचा वेग २ × १० × ५ म्हणजे १०० च्या वर्गमुळाइतका, १० मीटर प्रति सेकंद येतो. ताशी ३६ किलोमीटर! साठ किलोग्रॅमच्या माणसाजवळ त्या क्षणी ३,००० ज्यूल गतिज ऊर्जा असते. कठीण जमिनीवर ही सारी ऊर्जा साधारण पाच सेंटिमीटर अंतरात संपली असे मानू. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. म्हणून सरासरी बल ३,००० भागिले ०.०५, म्हणजे ६०,००० न्यूटन, माणसाच्या वजनाच्या शंभर पट! हाडे मोडतात ती या बलामुळे.

मग कमरेला दोर बांधला की झाले का? नाही. दोर दीड मीटर ढिला आहे आणि माणूस तेवढा पडल्यावर तो एकदम ताणला गेला असे समजा. पडताना मिळालेली ऊर्जा ९०० ज्यूल. दोर न ताणणारा असेल आणि माणूस दहा सेंटिमीटरमध्ये थांबला, तर बल ९०० भागिले ०.१, अधिक त्याचे वजन ६०० न्यूटन, असे ९,६०० न्यूटन होते. हे वजनाच्या सोळा पट आहे, आणि तेही एकट्या कमरेवर. पण थांबण्याचे अंतर पाऊण मीटर केले, तर हेच बल १,८०० न्यूटनवर येते. उंचावर काम करणाऱ्यांच्या पट्ट्याला कधीकधी घडी घालून शिवलेली जाड फीत जोडलेली असते. झटका बसताच तिची शिवण उसवत जाते आणि थांबण्याचे अंतर वाढते. क्रिकेटचा चेंडू झेलताना आपण हात मागे नेतो, त्यातले तत्त्व हेच.

यावरून तीन गोष्टी निघतात. कमरेच्या साध्या पट्ट्याऐवजी मांड्या, कंबर आणि खांदे यांवर भार वाटून देणारा पूर्ण पट्टा हवा. त्याला हार्नेस म्हणतात. भारतात अशा पट्ट्यांसाठी आयएस ३५२१ आणि शिरस्त्राणासाठी आयएस २९२५ ही मानके आहेत. खरेदी करताना ती पाहावीत. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दोर ढिला राहूच द्यायचा नाही. दोर सतत ताणलेला असेल तर पडण्याची उंची शून्याच्या जवळ राहते, आणि उंचीच नाही तर ऊर्जाही नाही.

तिरका खण का अडकतो?

टेबलाचा खण एका कोपऱ्याने ओढून पाहा. तो तिरका होतो आणि अडकतो. जोर लावाल तसा अधिकच अडकतो. आपल्याला त्रास देणारी ही गोष्ट नारळाच्या झाडावर चढणाऱ्याचा जीव वाचवते.

केरळातील कण्णूर जिल्ह्यातले एम. जे. जोसेफ ऊर्फ अप्पच्चन यांनी नारळावर चढण्याचे एक साधे यंत्र बनवले. दोन पायांसाठी दोन स्वतंत्र चौकटी आणि प्रत्येकीला खोडाभोवती जाणारा तारेचा दोर, अशी त्याची रचना आहे. एका पायावर भार दिला की ती चौकट खोडाला आवळून बसते. दुसऱ्या पायावरचा भार काढला की ती सैल होते आणि वर सरकवता येते. नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये तरुणांना चढण्याच्या यंत्राचे शिक्षण देण्याची योजना सुरू केली. पिढ्यान्‌पिढ्या पायांत दोरीचा वेढा घालून चढणाऱ्या गोव्याच्या पाडेलींचे कसब ज्यांच्याजवळ नाही, त्यांनाही या यंत्रामुळे झाडावर चढता येऊ लागले.

ही पकड कोठून येते? खोडामागचा दोर थोडा वर आणि पुढची टेकण थोडी खाली असते. माणूस खोडापासून दूर, बाहेरच्या बाजूला उभा असतो. त्याच्या वजनामुळे चौकट तिरकी होऊ पाहते. त्यामुळे मागचा दोर आणि पुढची टेकण दोन्ही खोडावर दाबली जातात. खोडाच्या मध्यापासून पायापर्यंतचे अंतर 'अ' आणि दोर व टेकण यांच्या उंचीतला फरक 'उ' मानू. तरफेच्या नियमाने:

दाब × उ = वजन × अ

घर्षण दोन ठिकाणी होते, म्हणून एकूण घर्षण म्हणजे २ × घर्षणांक × दाब. हे वजनाइतके किंवा त्याहून अधिक व्हायला हवे. दाबाची किंमत घालून पाहा. वजन दोन्ही बाजूंना येते आणि कटून जाते! उरते ते एवढेच:

अ ÷ उ हे १ ÷ (२ × घर्षणांक) याहून कमी नको.

मित्रांनो, या समीकरणात माणसाचे वजन नाही. चाळीस किलोचा मुलगा असो की ऐंशी किलोचा गडी, पकड सुटणार की राहणार हे केवळ चौकटीचा आकार आणि खोडाचा खरबरीतपणा ठरवतात. जड माणसामुळे खाली ओढणारे बल वाढते, पण पकडही त्याच प्रमाणात वाढते. तारेच्या दोराची आणि चौकटीची मजबुती अर्थातच वेगळी पाहावी लागते.

आता आकडे घालू. उ १५ सेंटिमीटर आणि अ २५ सेंटिमीटर धरू. कोरड्या सालीचा घर्षणांक ०.४ मानला तर अ किमान १९ सेंटिमीटर हवे. आपल्याजवळ २५ आहे, म्हणजे चौकट घट्ट बसेल. पाऊस पडून साल ओली झाली, शेवाळ आले आणि घर्षणांक ०.२ वर उतरला, तर अ किमान साडेसदतीस सेंटिमीटर लागेल. तेच यंत्र, तोच माणूस, पण आता चौकट घसरेल. ओल्या झाडावर चढू नये हा जुन्या माणसांचा नियम या छोट्या समीकरणात दडलेला आहे.

वजनाने आवळणारी गाठ

वड, कडुनिंब, गुलमोहर अशा फांद्यांच्या झाडांवर चौकट चालत नाही. तेथे दोर वापरतात. वरच्या भक्कम फांदीच्या बेचक्यातून दोर टाकतात. त्याचे एक टोक चढणाऱ्याच्या पट्ट्याला बांधतात. खाली आलेल्या दुसऱ्या बाजूवर एक खास गाठ मारतात आणि तीही पट्ट्यालाच जोडतात. गाठीवर भार आला की ती दोर आवळते. भार काढून ती हाताने वर ढकलली की सरकते. अशा गाठींपैकी प्रुसिक गाठ प्रसिद्ध आहे. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. बारीक दोराचे वेढे जाड दोराभोवती बसतात आणि ओढ वाढेल तसा त्यांचा दाब वाढतो. येथेही वजनच पकड देते.

दोर असा दुहेरी असल्याने प्रत्येक बाजूवर माणसाचे निम्मे वजन येते. म्हणून वर चढताना वजनाच्या निम्म्याच बलाने ओढावे लागते. त्याच्या मोबदल्यात एक मीटर वर जाण्यासाठी दोन मीटर दोर ओढावा लागतो. प्रत्यक्षात सालीवरच्या घर्षणामुळे बल थोडे अधिक लागते. तेव्हा बेचक्यात धातूची कडी किंवा छोटी कप्पी लावतात. तिच्यामुळे चढणाऱ्याचे श्रम कमी होतात आणि झाडाची सालही वाचते.

बुटांना बांधायचे लोखंडी काटेही बाजारात मिळतात. खोडात रुतवून त्यांच्या आधाराने झपाझप चढता येते. पण प्रत्येक काटा सालीखालच्या जिवंत थराला जखम करतो. म्हणून जे झाड पुरते काढून टाकायचे आहे, त्यावरच ते वापरतात, छाटणीसाठी नाही.

दोन वेढ्यांची जादू

फांदी कापली की ती खाली येणारच. खाली घर, भिंत किंवा तार असेल तर ती दोराने हळूहळू उतरवावी लागते. पंचवीस सेंटिमीटर व्यासाची, तीन मीटर लांबीची फांदी घ्या. तिचे घनफळ सुमारे ०.१५ घनमीटर. ओल्या लाकडाची घनता पाण्याच्या आसपास असते, म्हणून वस्तुमान सुमारे दीडशे किलोग्रॅम. एवढे वजन एका माणसाने दोर धरून तोलायचे कसे?

नावाडी काय करतो ते आठवा. तो दोराचे दोन वेढे धक्क्यावरच्या खुंटाला देतो आणि भरलेली नाव एका हाताने रोखून धरतो. वेढे देताना प्रत्येक वेढ्यात ताण ठरावीक पटीने घटतो. या नियमाला ऑयलर आणि आयटेलवाइन या शास्त्रज्ञांची नावे जोडलेली आहेत. घर्षणांक ०.३ असेल तर हिशेब असा होतो:

अर्धा वेढा – ताण सुमारे २.६ पट कमी
एक वेढा – सुमारे ६.६ पट कमी
दोन वेढे – सुमारे ४३ पट कमी
तीन वेढे – सुमारे २८५ पट कमी

वेढ्यांची बेरीज केली की पटींचा गुणाकार होतो, हे ध्यानात घ्या. शिवाय खुंट जाड आहे की बारीक, याने फरक पडत नाही. आपली दीडशे किलोची फांदी बुंध्याभोवती दोन वेढे दिल्यावर केवळ साडेतीन किलोच्या ओढीने तोलता येते! मात्र ऊर्जा नाहीशी होत नाही. फांदी आठ मीटर उतरली तर सुमारे १२,००० ज्यूल उष्णता दोर आणि बुंधा यांत निर्माण होते. घाईने सोडल्यास नायलॉनचा दोर भाजून निकामी होतो. म्हणून दोर सावकाश सोडावा, हातमोजे घालावेत आणि दोर हाताला कधीही गुंडाळू नये.

येथे एक फसवी जागा आहे. दोर वरच्या कप्पीवरून खाली बुंध्यापर्यंत आणला, तर कप्पीच्या दोन्ही बाजूंना फांदीचा पूर्ण भार असतो. ज्या फांदीला कप्पी बांधली तिच्यावर दीडशे नव्हे, तीनशे किलो येतात. तुकडा आधी काही अंतर पडून मग दोराला लटकला, तर झटक्याने हा भार आणखी कितीतरी वाढतो. कप्पीचा आधार जाड आणि बुंध्याजवळचा का निवडतात, हे यावरून समजेल.

अळीने शिकवलेली करवत

आता करवतीकडे वळू. साखळी-करवतीत सायकलच्या साखळीसारखी दातेरी साखळी एका लांबट पात्याभोवती फिरते. जर्मनीच्या आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी आणि १९२९ मध्ये पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत बनवली. ती यंत्रे चालवायला दोन माणसे लागत. साखळीच्या दातांचा प्रश्न मात्र पुढे अमेरिकेत सुटला. जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने १९४६ मध्ये एका ओंडक्यात भुंगेऱ्याची अळी लाकूड पोखरताना पाहिली. ती डावीकडे व उजवीकडे आळीपाळीने कुरतडत पुढे सरकत होती. तिच्या जबड्याचा नमुना समोर ठेवून कॉक्स यांनी डावा-उजवा असे वाकलेले दात असलेली साखळी तयार केली. आजच्या साखळ्या त्याच वळणाच्या आहेत.

बजाजची जुनी एम-८० गाडी घरातल्या मोठ्यांना विचारा. तिच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागे, कारण तिचे एंजिन दोन धावांचे होते. पेट्रोलच्या करवतीत सहसा याच जातीचे छोटे एंजिन असते. मात्र गाडीच्या कार्बुरेटरमध्ये तरंगणारा गोळा पेट्रोलची पातळी राखतो. गाडी आडवी झाली की तो निकामी. करवत तर आडवी, उभी, उलटी कशीही धरावी लागते. म्हणून तिच्यात गोळ्याऐवजी लवचीक पडदा असतो. हवेच्या दाबातील फरकाने तो हलतो आणि पेट्रोल सोडतो. त्याला वर-खाली हा भेद नाही.

साखळी किती वेगाने धावते? सात दात्यांचे चाक एका फेऱ्यात एका नेहमीच्या मापाच्या साखळीचे सुमारे १३.३ सेंटिमीटर पुढे नेते. एंजिन मिनिटाला ९,००० फेरे करत असेल तर सेकंदाला १५० फेरे, म्हणजे २० मीटर प्रति सेकंद. ताशी ७२ किलोमीटर!

या वेगाचा खरा धोका पात्याच्या टोकाशी आहे. पात्याच्या वरच्या कडेवर साखळी पुढे धावते, टोकाशी वळते आणि खालच्या कडेने मागे येते. टोकाच्या वरच्या चतुर्थांशात दात पुढे आणि खाली जात असतात. तेथे ते लाकडात अडकले, तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे पाते उलट दिशेने, वर आणि मागे, म्हणजे चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे फेकले जाते. हा उलट झटका. माणसाला काही जाणवून हात हलवायला सुमारे ०.२ सेकंद लागतात. तेवढ्यात चार मीटर साखळी, म्हणजे शंभराहून अधिक दात, पुढे निघून गेलेले असतात. सावध राहून हा झटका चुकवता येत नाही. वेळच पुरत नाही. म्हणून पुढच्या मुठीसमोर एक ढाल असते. झटक्याने ती पुढे ढकलली गेली की ब्रेक लागतो आणि साखळी सुमारे एक दशांश सेकंदात थांबते.

येथे दोर आणि करवत यांतला मूळ फरक लक्षात येतो. दोराच्या गाठीत धोका वाढला की पकड वाढते. करवतीजवळ असा आपोआप आवर घालणारा गुण नाही. तो बाहेरून जोडावा लागतो. म्हणूनच तिच्यासाठी नियम कडक आहेत. करवत दोन्ही हातांनी धरायची. टोकाने कापायचे नाही. खांद्याच्या वर न्यायची नाही. पायांना खास विजार घालायची. तिच्यातले लांब धागे साखळीबरोबर ओढले जातात, दातेरी चाकात गुंततात आणि करवत जागीच थांबते. यंत्राचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानांना आच्छादन आणि डोळ्यांपुढे जाळी हवी. झाडावर करवत चालवताना माणूस दोन स्वतंत्र दोरांनी बांधलेला असला पाहिजे, आणि त्यांपैकी एकात पोलादी तार असणे चांगले; कारण करवतीला लाकूड आणि दोर यांतला फरक कळत नाही.

झाडाच्या बाजूने

जड फांदी वरून एकदम कापली तर ती अर्धवट कापली असतानाच स्वतःच्या वजनाने मोडते आणि बुंध्याची साल सोलत खाली येते. म्हणून तीन छेद घेतात. पहिला बुंध्यापासून थोड्या अंतरावर, खालून. दुसरा त्याच्या किंचित बाहेर, वरून. फांदी पडल्यावर उरलेला खुंट तिसऱ्या छेदाने काढतात. हा शेवटचा छेद कोठे घ्यावा, याचा अभ्यास अमेरिकेच्या वनखात्यातले ॲलेक्स शिगो यांनी केला. हजारो झाडे उभी चिरून त्यांनी दाखवले की झाड आपल्या त्वचेसारखी जखम भरून काढत नाही. ते जखमेभोवती भिंत उभारून तिला आत कोंडते. फांदीच्या मुळाशी जो फुगीर कंगोरा दिसतो तेथे ही भिंत चांगली उभी राहते. म्हणून छेद कंगोऱ्याला धक्का न लावता, त्याच्या लगत बाहेर घ्यावा.

छाटणीला कायद्याची चौकटही आहे. महाराष्ट्रात शहरी भागातील झाडांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आणि इतरत्र झाडे तोडण्यासंबंधी १९६४ चा कायदा आहे. शहरी भागातील झाडे, तसेच इतरत्रही कायद्यात नमूद केलेली झाडे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. विजेच्या तारेजवळची फांदी तर वीजपुरवठा बंद करून, वीज कंपनीच्या माणसांकडूनच काढून घ्यावी. ओली फांदी विजेची वाहक असते.

तुम्ही विद्यार्थ्यांनी यांतले कोणतेही यंत्र हाती घ्यायचे नाही. ते प्रशिक्षित प्रौढांचे काम आहे. पण तुमच्या शाळेच्या आवारात किंवा गल्लीत छाटणी चालू असेल तेव्हा तुम्हाला पाहता येईल. वरच्या माणसाला पट्टा आहे का? दोर ताणलेला आहे का? त्याला खाली उतरवू शकेल असा दुसरा जाणता माणूस आहे का? कारण पट्ट्यात निश्चल लटकून राहणे फार वेळ सोसवत नाही. बघे लोक झाडाच्या उंचीच्या दुपटीइतके दूर आहेत का? नसेल तर शिक्षकांना सांगा. हातावर पोट असलेल्या त्या माणसाच्या घरीही संध्याकाळी कोणी वाट पाहत असते.

करून पाहा

१. झाडूचा गोल दांडा दोन खुर्च्यांवर आडवा पक्का बांधा. एक लिटर पाण्याची बाटली दोरीला टांगून दोरी दांड्यावरून घ्या आणि दुसऱ्या टोकाला ताणकाटा लावा. बाटली सावकाश खाली सोडताना काटा किती दाखवतो ते नोंदवा. आता दोरीला आणखी एक पूर्ण वेढा देऊन पुन्हा नोंदवा. दोन्ही नोंदींवरून एका वेढ्याची पट काढा.

२. लाकडी पट्टीच्या एका टोकाजवळ दांड्यापेक्षा किंचित मोठे भोक पाडा. दांडा उभा धरून पट्टी त्यात ओवा. पट्टीवर दांड्याजवळ छोटे वजन टांगा, मग ते बाहेर सरकवत न्या. पट्टी कोणत्या अंतरावर अडकते? तेथेच दुप्पट वजन टांगा. ती घसरते का?

उत्तरे शोधा

१. ७.२ मीटरवरून पडणाऱ्या फांदीचा जमिनीजवळचा वेग किती?
२. चाळीस सेंटिमीटर व्यासाचा, दोन मीटर लांबीचा ओला ओंडका दीड वेढ्यावर तोलायला किती किलोची ओढ लागेल? एका वेढ्याची पट ६.६ धरा.
३. घर्षणांक ०.२५ आणि उ १२ सेंटिमीटर असेल तर अ किमान किती हवे?

(उत्तरे: १. १२ मीटर प्रति सेकंद, २. सुमारे १५ किलो; ३. २४ सेंटिमीटर.)